सी भाषेतील छद्म-यादृच्छिक संख्यांची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सी ही संगणकभाषा शिकणारा विद्यार्थी आरंभीच्या काळातच फासे टाकण्याचा प्रोग्रॅम लिहितो. भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील 'रँड' हे फंक्शन तो वापरतो आणि पडद्यावर १ ते ६ मधील अंक उमटतात. अंकांचा क्रम अनपेक्षित वाटतो. मात्र तोच प्रोग्रॅम पुन्हा चालविला असता तेच अंक त्याच क्रमाने पुन्हा उमटतात, आणि विद्यार्थ्याच्या मनात पहिली शंका निर्माण होते.

ही शंका निराधार नाही. 'रँड' या फंक्शनकडून बीज न बदलता संख्या मागविल्यास मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ४१, १८४६७, ६३३४ अशी मालिका दीर्घकाळ मिळत आलेली आहे. बोरलँड कंपनीच्या कंपायलरवर ती ३४६, १३०, १०९८२ अशी सुरू होत असे. लिनक्सवरील ग्नू लायब्ररीत पहिली संख्या १८०४२८९३८३ आणि दुसरी ८४६९३०८८६ येते. अनुभवी प्रोग्रॅमरांना या संख्या तोंडपाठ असतात. ज्या संख्येला यादृच्छिक म्हणायचे ती तोंडपाठ कशी होऊ शकते, हा प्रश्न विनोदाचा वाटला तरी त्यामागे सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची मुख्य मांडणी अशी की, सी भाषेने यादृच्छिकतेच्या गुणवत्तेची हमी कधीच दिली नव्हती. समान बीज दिल्यास समान मालिका मिळेल, एवढीच हमी तिने दिली. गुणवत्तेची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपविली गेली, आणि ती आपल्यावर आहे याची जाणीव त्याला बहुधा नव्हती. या विषयातील बहुतेक अपघात याच दरीतून घडलेले आहेत.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाणेफेक, विद्युत मंडलातील गोंगाट यांसारख्या भौतिक घटनांतून मिळणाऱ्या आणि पूर्वअंदाज बांधता न येणाऱ्या संख्यांना यादृच्छिक संख्या म्हणतात. निश्चित गणिती नियमाने निर्माण होणाऱ्या, परंतु सांख्यिकीय कसोट्यांपुढे यादृच्छिक भासणाऱ्या संख्या या छद्म-यादृच्छिक होत. ज्या आरंभीच्या संख्येपासून मालिका सुरू होते तिला 'बीज' म्हणतात.

तक्त्यांपासून यंत्रापर्यंत

संगणकाच्या आगमनापूर्वी संख्याशास्त्रज्ञ छापील तक्त्यांवर अवलंबून असत. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ मध्ये जनगणनेच्या अहवालांतून घेतलेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेने १९४७ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या साहाय्याने दहा लाख अंक तयार केले आणि १९५५ मध्ये ते ग्रंथरूपाने छापले. या संस्थेच्या नावाचा आणि सी भाषेतील 'रँड' या फंक्शनच्या नावाचा परस्परांशी संबंध नाही. फंक्शनचे नाव 'रँडम' या शब्दाचा संक्षेप आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन व्हॉन नॉयमन यांनी न्यूट्रॉनच्या प्रवासाचा अभ्यास करण्यासाठी माँटे कार्लो पद्धत विकसित केली. या पद्धतीला प्रचंड संख्येने यादृच्छिक अंक लागत. कार्डांवर छिद्रे पाडून साठविलेला तक्ता संगणकाला वाचून दाखविणे अतिशय संथ होते आणि यंत्राची अंतर्गत स्मृती तुटपुंजी होती. म्हणून संख्या साठवून न ठेवता गरजेनुसार निर्माण कराव्यात, ही कल्पना पुढे आली.

यासाठी व्हॉन नॉयमन यांनी १९४६ च्या सुमारास 'मध्य-वर्ग पद्धत' सुचविली. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. चार अंकी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, वर्ग आठ अंकांत लिहावा आणि मधले चार अंक ही पुढील संख्या मानावी. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६ येतो, म्हणून पुढील संख्या ५२२७. तिचा वर्ग २७३२१५२९, म्हणून त्यापुढील संख्या ३२१५. क्रम अनपेक्षित भासतो, तथापि पद्धतीत खोल दोष आहे. २५०० चा वर्ग ०६२५०००० असल्याने मधले अंक पुन्हा २५०० येतात आणि मालिका तेथेच थिजते. ६१०० पासून आरंभ केल्यास २१००, ४१००, ८१०० आणि पुन्हा ६१०० असे चारच संख्यांचे रिंगण तयार होते.

व्हॉन नॉयमन यांना या मर्यादा पूर्णपणे ठाऊक होत्या. अंकगणिताच्या मार्गाने यादृच्छिकता निर्माण करू पाहणे हे एक प्रकारचे पाप आहे, अशा आशयाचे मिस्कील विधान त्यांनी १९४९ मधील परिषदेत केले आणि ते १९५१ मध्ये छापले गेले. तरीही त्यांनी गणिती पद्धतीचा पुरस्कार केला, त्यामागे व्यावहारिक कारण होते. भौतिक साधनातून मिळालेली संख्या एकदा वापरली की पुन्हा मिळत नाही. उत्तर चुकल्याचा संशय आल्यास गणना जशीच्या तशी पुन्हा करून पाहता येत नाही. गणिती पद्धतीत बीज लिहून ठेवले की संपूर्ण प्रयोग पुन्हा उभा करता येतो. १९५१ मध्ये मँचेस्टर येथे बसविलेल्या फेरँटी मार्क १ या संगणकात अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या आग्रहाने विद्युत गोंगाटातून यादृच्छिक अंक देणारी आज्ञा समाविष्ट केली होती. परंतु संगणनाचा मुख्य प्रवाह व्हॉन नॉयमन यांच्याच वाटेने गेला. विद्यार्थ्याला दोष वाटणारी पुनरुक्ती ही शास्त्रज्ञाच्या दृष्टीने या पद्धतीची मोठी सोय होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

लेहमर यांची पद्धत

१९४९ मध्येच गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी अधिक शिस्तबद्ध पद्धत मांडली. आधीच्या संख्येला एका स्थिर गुणकाने गुणावे आणि एका निश्चित संख्येने भागून उरलेली बाकी ही पुढील संख्या मानावी. ज्या संख्येने भागायचे तिला मापांक म्हणतात. लेहमर यांनी एनियाक संगणकासाठी २३ हा गुणक आणि १०,००,००,००१ हा मापांक निवडला होता. पुढे गुणाकारानंतर एक स्थिर संख्या मिळविण्याची दुरुस्ती झाली. या संपूर्ण वर्गाला 'रेषीय एकशेष पद्धत' असे म्हणता येईल.

या पद्धतीचे अंतरंग समजण्यासाठी कागद-पेन्सिलीने सोडविता येईल असे उदाहरण घेऊ. गुणक ५, मिळवायची संख्या ३, मापांक १६ आणि बीज १. तर मालिका अशी येते : १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६ आणि पुन्हा १. शून्य ते पंधरा या सर्व सोळा संख्या प्रत्येकी एकदाच येतात आणि नंतर चक्र पुन्हा सुरू होते. या चक्राच्या लांबीला 'आवर्तकाल' म्हणतात. कोणत्या अटी पाळल्या असता आवर्तकाल मापांकाएवढा पूर्ण मिळतो, हे टी. ई. हल आणि ए. आर. डोबेल यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले.

वरील मालिकेकडे पुन्हा एकवार पाहावे. पहिली संख्या विषम, दुसरी सम, तिसरी विषम, चौथी सम, आणि हा क्रम अखेरपर्यंत मोडत नाही. प्रत्येक संख्येला ४ ने भागून बाकी काढल्यास १, ०, ३, २ हेच चौघे अखंडपणे फिरत राहतात. ही केवळ या उदाहरणाची गंमत नव्हे. मापांक हा २ चा घात असला आणि गुणक व मिळवायची संख्या दोन्ही विषम असल्या की सम-विषमाचा हा लपंडाव अटळ असतो. द्विमान पद्धतीत लिहिल्यास सर्वांत कनिष्ठ बिटाचे आवर्तन २, त्याच्या वरच्या बिटापर्यंतचे ४, त्यावरील बिटापर्यंतचे ८ असे दुप्पट होत जाते. म्हणजे वरिष्ठ बिटांची यादृच्छिकता बरी असली तरी कनिष्ठ बिट जवळजवळ घड्याळाप्रमाणे चालतात. सी भाषेच्या इतिहासात या एका गुणधर्माने मोठा घोळ घातला.

'रँडू'चा धडा

सी भाषेच्या जन्मापूर्वीच या क्षेत्राला मोठा इशारा मिळाला होता. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या सिस्टिम ३६० या संगणकांसोबत वैज्ञानिक गणनेसाठी जो प्रोग्रॅमसंच मिळे त्यात 'रँडू' नावाचा संख्याजनक होता. त्याचा गुणक ६५,५३९ आणि मापांक २ चा ३१ वा घात. ६५,५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३. असा गुणक यंत्राला सोयीचा होता. परंतु या गुणकाचा वर्ग करून पाहिल्यास मापांकाच्या हिशेबात तो 'गुणकाची सहापट वजा ९' एवढाच उरतो. त्याचा अर्थ असा की मालिकेतील कोणतीही संख्या ही तिच्या आधीच्या संख्येची सहापट उणे त्याआधीच्या संख्येची नऊपट एवढीच असते. तीन लागोपाठच्या संख्या परस्परांशी जखडलेल्या असतात.

जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की अशा संख्यांचे गट करून ते अवकाशात बिंदू म्हणून मांडल्यास बिंदू सर्वत्र विखुरत नाहीत, तर मोजक्या समांतर प्रतलांवर पडतात. 'रँडू'च्या बाबतीत तीन-तीन संख्यांचे बिंदू अवघ्या १५ प्रतलांत सामावतात. अनेक वर्षे जगभरातील संशोधकांनी या संख्याजनकावर विसंबून निष्कर्ष काढले होते. त्यांतील किती निष्कर्ष दूषित झाले याचा हिशेब आता मांडता येणार नाही.

याच सुमारास, १९६९ मध्ये, डोनाल्ड क्नूथ यांच्या संगणन-ग्रंथमालेचा दुसरा खंड प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी स्वतःच्या तरुणपणीचा एक प्रयोग प्रांजळपणे नोंदविला आहे. १९५९ मध्ये त्यांनी अत्यंत गुंतागुंतीची, कोणालाही उमज पडणार नाही अशी पद्धत रचली होती. ती प्रथमच चालविली तेव्हा मालिका जवळजवळ लगेच ६०६५०३८४२० या एकाच संख्येवर येऊन थांबली. गुंतागुंत म्हणजे यादृच्छिकता नव्हे, आणि संख्याजनकाची निवड सिद्धांताच्या आधारेच केली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष आजही तितकाच ग्राह्य आहे.

बेल प्रयोगशाळेतून प्रमाणापर्यंत

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी, युनिक्स या कार्यप्रणालीच्या सोबतीने घडविली. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'रँड' हे फंक्शन अवघ्या काही ओळींचे होते. आधीच्या संख्येला ११०३५१५२४५ ने गुणावे, त्यात १२३४५ मिळवावेत, आलेल्या संख्येचे खालचे सोळा बिट टाकून द्यावेत आणि उरलेल्यांपैकी पंधरा बिट उत्तर म्हणून द्यावेत. त्यामुळे उत्तर ० ते ३२,७६७ या मर्यादेत राही. ज्या पीडीपी-११ संगणकासाठी हे लिहिले गेले त्याचा पूर्णांक सोळा बिटांचा होता आणि ३२,७६७ ही त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या होती. कनिष्ठ बिट फेकून देणारी ती एक पायरी फार महत्त्वाची होती. त्या पायरीमुळेच सम-विषमाचा वर सांगितलेला दोष झाकला जात होता.

पुढे युनिक्स बत्तीस बिटांच्या व्हॅक्स संगणकावर नेले गेले. आता मोठी संख्या मावत असल्याने बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तीत बिट फेकून देण्याची पायरी वगळली गेली आणि खालचे एकतीस बिट सरळ उत्तर म्हणून दिले जाऊ लागले. गुणक तोच, मिळवायची संख्याही तीच, परंतु मर्यादा वाढविताना दोष उघडा पडला. अशा संगणकावर 'रँड'च्या उत्तराला २ ने भागून बाकीवरून नाणेफेक ठरविली, तर छापा, काटा, छापा, काटा असाच क्रम अनंतकाळ येत राहतो. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. हजार वेळा नाणे उडविल्यास पाचशे छापे आणि पाचशे काटे बरोबर मिळतात. केवळ वारंवारता मोजणाऱ्याला हा संख्याजनक निर्दोषच वाटेल.

बर्कलीतील मंडळींना हा दोष उमगला होता. १९८३ च्या ४.२ आवृत्तीत त्यांनी 'रँडम' हे वेगळे, अधिक मोठी स्मृती वापरणारे फंक्शन दिले. सिस्टिम ५ या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेत अठ्ठेचाळीस बिटांवर आधारित 'डीरँड४८' आले. मात्र जुने 'रँड' कोणीही काढून टाकले नाही, कारण त्यावर असंख्य प्रोग्रॅम अवलंबून होते.

सी भाषेचे प्रमाणीकरण करण्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकेत समिती स्थापन झाली. तिचे प्रमाण १९८९ मध्ये मान्य झाले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण बनले. त्यात 'रँड'ची कमाल मर्यादा किमान ३२,७६७ असावी, समान बीजापासून समान मालिका मिळावी, आणि बीज दिलेच नाही तर ते १ आहे असे समजावे, असे ठरले. मालिका किती दर्जेदार असावी याविषयी कोणतीही अट घातली गेली नाही. केवळ उदाहरण म्हणून ११०३५१५२४५ आणि १२३४५ हे अंक असलेला छोटा प्रोग्रॅम छापला गेला. कर्निघन आणि रिची यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही हाच प्रोग्रॅम होता. बीज १ घेतल्यास त्यातून पहिले उत्तर १६८३८ येते, आणि हे कोणीही गुणाकार करून पडताळू शकतो.

उदाहरण हे उदाहरण म्हणूनच दिले होते. परंतु पाठ्यपुस्तकातील उदाहरण वाचकाच्या मनात आदर्शाचे स्थान घेते. कंपायलर तयार करणाऱ्या अनेकांनी ते तसेच उचलले, किंवा गुणक बदलून तोच साचा वापरला. मायक्रोसॉफ्टने २१४०१३ हा गुणक घेतला, बोरलँडने २२६९५४७७ घेतला. अखेर २०११ च्या प्रमाणात एक तळटीप आली. मालिकेच्या गुणवत्तेची हमी नाही, काही ठिकाणी कनिष्ठ बिट चिंताजनक रीतीने नियमित असतात, आणि ज्यांची गरज विशेष आहे त्यांनी आपल्या गरजेला पुरेल असा संख्याजनक शोधावा, असा तिचा आशय आहे. जबाबदारी कोणाची हे अशा रीतीने लेखी स्पष्ट झाले, परंतु त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

वापरातील चूक : बाकीचा पक्षपात

संख्याजनक निर्दोष असला तरी त्याच्या वापरात चूक होऊ शकते. फाशासाठी 'रँड'च्या उत्तराला ६ ने भागून बाकी घेण्याची रीत सार्वत्रिक आहे. ० ते ३२,७६७ या ३२,७६८ संख्या आहेत. त्यांना ६ ने भागल्यास ५,४६१ पूर्ण गट होतात आणि दोन संख्या उरतात. परिणामी ० आणि १ या बाक्या इतरांपेक्षा एकेक वेळ अधिक येतात. हा फरक नगण्य आहे. परंतु दहा हजार नावांच्या यादीतून सोडतीने नावे काढायची असल्यास काय होईल? ३२,७६८ मध्ये दहा हजारांचे तीन पूर्ण गट मावतात आणि २,७६८ संख्या उरतात. यादीतील पहिल्या २,७६८ नावांना प्रत्येकी चार संधी मिळतात, तर उर्वरित नावांना तीनच. म्हणजे यादीच्या आरंभी असलेल्या व्यक्तीची निवड होण्याची शक्यता एक-तृतीयांशाने वाढते. कोणाच्याही मनात कपट नसताना सोडत पक्षपाती ठरते. शेवटच्या अपुऱ्या गटातील संख्या आल्यास ती टाकून देऊन नवी संख्या मागणे, हा यावरील सोपा उपाय आहे. नमुना निवड करणाऱ्या समाजशास्त्राच्या संशोधकालाही ही बाब तितकीच लागू पडते.

बीजाचा प्रश्न आणि गोपनीयता

दरवेळी तीच मालिका येऊ नये म्हणून घड्याळातील वेळ बीज म्हणून देण्याची प्रथा पडली. खेळासाठी ती पुरेशी आहे. परंतु संगणकाच्या जाळ्यावरून पैशांचे व्यवहार सुरू झाल्यावर यादृच्छिक संख्यांवर गुप्त किल्ल्या अवलंबून राहू लागल्या आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. बीज हे सेकंदांत मोजलेली वेळ आहे आणि दिनांक ठाऊक आहे, एवढे कळल्यावर ८६,४०० शक्यता तपासणे संगणकाला क्षणाचे काम आहे. मालिका कितीही दर्जेदार असली तरी बीज ओळखले की तिच्यात गुप्त असे काहीच उरत नाही.

सप्टेंबर १९९५ मध्ये बर्कलीतील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी नेटस्केप या ब्राउझरबाबत हेच सिद्ध केले. त्यातील किल्लीचे बीज दिवसातील वेळ आणि प्रोग्रॅमला कार्यप्रणालीने दिलेले क्रमांक यांपासून बनत असे. दोन्हींचा अंदाज बांधता येत होता. किल्ली लांब होती, पण तिच्या मुळाशी असलेली अनिश्चितता तोकडी होती.

दुसरी घटना अधिक बोधप्रद आहे. ओपनएसएसएल ही सी भाषेत लिहिलेली लायब्ररी सुरक्षित संदेशवहनासाठी जगभर वापरली जाते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या देखभालीत, स्मृती तपासणाऱ्या साधनाने दिलेली एक सूचना टाळण्यासाठी तिच्या काही ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. बीजात अनिश्चितता मिसळण्याचे काम त्या ओळींपैकीच एक करीत होती. परिणामी बीज केवळ प्रक्रिया-क्रमांकावर अवलंबून राहिले आणि एका प्रकारच्या व आकाराच्या किल्ल्यांच्या सुमारे बत्तीस हजारच शक्यता उरल्या. प्रोग्रॅम नीट चालत होता, किल्ल्या तयार होत होत्या, कोठेही त्रुटीचा संदेश येत नव्हता. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या निदर्शनास ही बाब आली, तोवर सुमारे वीस महिने उलटले होते आणि त्या काळात बनलेल्या सर्व किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. बिघडलेला संख्याजनक पूर्वीप्रमाणेच संख्या देत राहतो. त्या डोळ्यांना तितक्याच विस्कळीत दिसतात. या दोषाला लक्षण नसते, हेच त्याचे खरे भय आहे.

सुधारणांचा काळ

१९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी एका गाजलेल्या लेखात प्रचलित संख्याजनकांचा समाचार घेतला आणि किमान दर्जा म्हणून १६,८०७ हा गुणक व २१४७४८३६४७ हा अविभाज्य मापांक सुचविला. आपला प्रोग्रॅम बरोबर उतरला आहे काय हे पडताळण्याची सोयही त्यांनी दिली. बीज १ घेतल्यास दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ ही संख्या आलीच पाहिजे. पुनरुक्तीच्या गुणाचा हा सुंदर उपयोग म्हणावा लागेल.

तथापि चांगल्या समजल्या जाणाऱ्या पद्धतीही प्रसंगी दगा देतात. १९९२ मध्ये फेरनबर्ग, लँडाऊ आणि वाँग या भौतिकशास्त्रज्ञांनी ज्याचे अचूक उत्तर आधीच ठाऊक होते असे चुंबकत्वाचे प्रारूप संगणकावर सोडविले, तेव्हा एका प्रतिष्ठित संख्याजनकाने चुकीचे उत्तर दिले, तर साध्या रेषीय एकशेष पद्धतीचे उत्तर अधिक अचूक आले. कसोट्यांत उत्तीर्ण होणे ही सर्व कामांसाठीची पात्रता नव्हे, हे यातून दिसून आले.

जपानमधील माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९८ मध्ये 'मर्सेन ट्विस्टर' हा संख्याजनक प्रसिद्ध केला आणि त्याचा सी भाषेतील प्रोग्रॅम सर्वांना खुला केला. त्याचा आवर्तकाल २ च्या १९९३७ व्या घातापेक्षा एकने कमी एवढा प्रचंड आहे. वैज्ञानिक गणनेत तो अल्पावधीत रूढ झाला. परंतु त्याच्या लागोपाठच्या ६२४ संख्या हाती आल्या की पुढील सर्व संख्या काढता येतात, म्हणून गोपनीयतेसाठी तो निरुपयोगी आहे. त्या कामासाठी कार्यप्रणालीनेच भौतिक घटनांतून अनिश्चितता गोळा करावी हा विचार रुजला. लिनक्समध्ये थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये तशी सोय केली. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने तर २०१५ च्या आवृत्तीत 'रँड'लाच अनिश्चित स्रोताशी जोडले आणि ज्याला जुनी पुनरुक्ती हवी आहे त्याने ती स्पष्टपणे मागावी, असा नियम केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या प्रमाणातही 'रँड' कायम आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पुनरुक्ती हा छद्म-यादृच्छिक संख्यांचा दोष नसून तो जाणीवपूर्वक स्वीकारलेला गुण आहे. संशोधनाच्या पडताळणीसाठी तो आवश्यक आहे, गोपनीयतेसाठी मात्र घातक आहे. दुसरी, पीडीपी-११ च्या मर्यादेत योग्य असलेली एक तडजोड पाठ्यपुस्तक आणि प्रमाण यांच्याद्वारे जगभर पसरली आणि जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी टिकून राहिली. तिसरी, संख्याजनक चांगला की वाईट हे कामावर अवलंबून असते. खेळ, शास्त्रीय अनुकरण, नमुना निवड आणि गुप्त किल्ली यांच्या गरजा भिन्न आहेत.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत १९९० च्या दशकापासून टर्बो सी या बोरलँडच्या कंपायलरवर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या शिकल्या. त्यातील 'रँडमाइझ' आणि 'रँडम' या सोयी प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन ओळींत उरकल्या जात. त्यांच्यामागील अंकगणित सोळा संख्यांच्या चक्राच्या साहाय्याने एका तासिकेत शिकविता येते. तसे शिकविल्यास विद्यार्थी फाशाचा प्रोग्रॅम तर लिहीलच, शिवाय आपण वापरतो त्या संख्या कोठून आल्या हा प्रश्नही विचारू लागेल. ज्या काळात सोडती, परीक्षेतील प्रश्नांचे क्रम आणि बँकेचे व्यवहार या संख्यांवर चालतात, त्या काळात हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे हेच या इतिहासाच्या अभ्यासाचे फलित मानावे लागेल.